साक्षीबाईची तिसरी टिंग

ही हकीकत कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यातून ती आण्णाप्पा मगदूम यांची आहे, म्हणजे तर विषयच संपला. मिरजेतल्या ज्या मोठ्या रुग्णालयात त्यांची तेहतीस वर्षं गेली, तिथल्या लिफ्टमनपासून अधिष्ठात्यांपर्यंत कुणालाही विचारा. आण्णाप्पा ‘आज मंगळवार’ म्हणाले की माणसं कॅलेंडर बघून येत.

कृष्णेच्या पुरात त्यांच्या शिरोळच्या घराच्या छपरावर एक मगर चढून बसली होती आणि बचावाची होडी आली तेव्हा ‘आधी लेकुरवाळ्या बायका जाऊ द्या’ म्हणून ती मागे सरकली, ही त्यांची त्यातल्या त्यात साधी थाप. चुलत्याच्या मळ्यातला ऊस इतका उंच वाढला की कोल्हापूरला उतरणाऱ्या विमानाच्या पायलटनं तलाठ्याकडे लेखी तक्रार केली, ही जरा वरच्या दर्जाची.

आता असा माणूस नोकरी काय करत होता? अवयवदान समन्वयक. एखाद्याचा मेंदू कायमचा थांबला, की त्याच्या घरच्यांजवळ जाऊन बसायचं आणि जे विचारायला जीभ रेटत नाही ते विचारायचं. तेही घड्याळाकडे न बघता, आणि घड्याळ मात्र पळत असतं. तिकडे अतिदक्षता विभाग, इकडे शस्त्रक्रियागृह, वर अवयव कुणाला जाणार ते ठरवणाऱ्या विभागीय केंद्राचे फोन, खाली अॅम्ब्युलन्स. अशी दहा टोकं एका मुठीत धरायची, आणि सगळी मूठ उघडणार की नाही ते एका रडणाऱ्या घराच्या होकारावर.

आण्णाप्पांची पद्धत अशी, की ते जाऊन चहा मागवायचे. काही विचारायचे नाहीत. मग कुठूनतरी ती मगर यायची. रडता रडता एखाद्या मावशीच्या ओठाचा कोपरा हलायचा, आणि त्या हललेल्या कोपऱ्यातून आण्णाप्पा हळूच आत शिरायचे. तेहतीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी घरं अशी उघडली. फक्त एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. ‘तुमचा माणूस गेला’ हे तीन शब्द त्यांनी एकदाही सरळ उच्चारले नाहीत. ‘आता यंत्रच श्वास घेतंय’ म्हणत, ‘वरच्याच्या हातात आहे’ म्हणत, वळसा घालून पलीकडे जात. ते तीन शब्द बोलायचं काम डॉक्टरांचं.

निवृत्त होऊन वर्षभर ते मळ्यात सुखात थापा मारत होते. पण रुग्णालयानं त्यांना चौसष्टाव्या वर्षी परत बोलावलं, कारण एका वर्षात दोन तरुण समन्वयक नोकरी सोडून गेले होते. दोघांनी राजीनाम्यात कारण एकच लिहिलं होतं: साक्षी.

साक्षी म्हणजे पानाच्या डब्याएवढं एक यंत्र. दूरच्या कुठल्याशा शहरात कुणीतरी नातेवाइकांना भलतंसलतं सांगून सह्या घेतल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि नियम आला, की संमतीचं बोलणं होईल तेव्हा हा डबा टेबलावर हवा. डब्यावर एकच दिवा. सगळं ठीक असेल तोवर हिरवा. खोलीतलं कुणीही खोटं बोललं, तर आधी पिवळा, पाच सेकंद, आणि मग लाल होऊन टिंग. अशा तीन टिंगा झाल्या की बैठक रद्द. मग बारा तासांनी दुसऱ्या समन्वयकानं पहिल्यापासून सुरुवात करायची.

बसवायला पुण्याहून केतकर नावाची इंजिनिअर आली होती. तिनं आण्णाप्पांना समजावून सांगितलं.

“काका, खरं काय आहे ते याला मुळीच कळत नाही. पृथ्वी सपाट आहे असं मनापासून मानणारा माणूस याच्यासमोर बसून बोलला तर हा गप्प राहील. पण आपण जाणूनबुजून फसवायला लागलो की मेंदूला दोन कामं करावी लागतात. खरं दाबायचं आणि खोटं रचायचं. त्या ओढाताणीत स्वरयंत्राचे बारीक स्नायू कानाला कळणार नाही इतके थरथरतात, नाकाभोवतीचं रक्त किंचित गरम होतं, शब्द निघायला पापणी लवण्याइतका उशीर होतो. हा तेवढं टिपतो.”

“अस्सं,” आण्णाप्पा म्हणाले. “तुम्हाला भेटून फार आनंद झाला.”

टिंग.

पुढच्या आठवड्यात अख्ख्या रुग्णालयाला साक्षीबाईचा इंगा कळला. अधिष्ठात्यांनी चुकून डबा ठेवलेल्या खोलीत एका निवृत्तीच्या सत्काराचं भाषण केलं, एकवीस टिंगा झाल्या. आण्णाप्पांनी सरावासाठी डबा एक दिवस घरी नेला आणि बायकोनं ‘आमटी कशी झालीय?’ विचारताच तो घेऊन अंगणात पळाले.

पण एक चमत्कार झाला, आणि तो केतकरबाईलाही सुरुवातीला उमगला नाही. आण्णाप्पांनी तिला मगरीची गोष्ट सांगितली. छपरासकट, होडीसकट. दिवा हिरवा. उसाची सांगितली, तर एकदा पिवळा झाला. तेवढ्यात कँटीनवाला चहा ठेवता ठेवता म्हणाला, “हॅट! कायतरीच काय आण्णा!” आणि दिवा परत हिरवा.

तिनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी खूश होऊन आली. “काका, हा नुसता बोलणाऱ्याला बघत नाही, ऐकणाऱ्याचा श्वासही ऐकतो. एकाला ठाऊक आणि दुसरा फसतोय, असं अंतर पडलं तरच ते खोटं. थापेत तुम्हालाही ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. अंतरच नाही! आणि चुकून पडलंच, तर पाच सेकंदांत ऐकणाऱ्यानं ते ओळखलं की मिटलं.”

“म्हणजे तेहतीस वर्षं मी खोटं बोललोच नाही,” आण्णाप्पा म्हणाले.

दिवा पिवळा झाला. केतकरबाई हसली, आणि तो हिरवा झाला.

या सगळ्यानंतर महिन्याभरानं सम्मेद रेंदाळकरची केस आली.

सम्मेद हुपरीचा, वय छत्तीस. घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीचं काम. आई आणि वहिनी घरी पैंजणाला घुंगरू लावत, थोरला भाऊ अजित भट्टी सांभाळी, आणि सम्मेद माल बॅगेत घालून इंदूर ते मदुराई फिरे. सोमवारी जेवता जेवता ‘डोकं दुखतंय’ म्हणाला आणि आडवा झाला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. बुधवारी सकाळी साडेसातला चार डॉक्टरांनी पहिली तपासणी केली, सहा तासांनी दुसरी. दोन्हींचं उत्तर एकच.

हे उत्तर समजायला अवघड असतं, म्हणून जरा नीट सांगायला हवं. मेंदूचा बुंधा बंद पडला की श्वास घे म्हणून हुकूम देणारं कुणी उरत नाही. तो हुकूम पुन्हा कधी येत नाही. पण हृदयाची ठिणगी त्याची स्वतःची असते. व्हेंटिलेटरनं बाहेरून हवा पुरवली तर ते आणखी काही तास, फार तर एखादा दिवस ठोके देत राहतं. म्हणून हात गरम, छाती वरखाली, गालावर लाली, आणि माणूस मात्र नाही. डोळ्यांना हे पटत नाही. पटायचं कारणही नाही.

अतिदक्षता विभागाच्या डॉ. शबाना मुजावर आण्णाप्पांना दारातच भेटल्या. “आण्णा, रक्तदाब औषधांवर टिकवलाय. संध्याकाळपर्यंत धरते मी. बारा तास मागितलेत तर माझ्याकडे नाहीत.”

सव्वादोनला बैठक सुरू झाली. खोलीत टेबलाच्या एका बाजूला अजित आणि सम्मेदची बायको ऋतुजा, दुसऱ्या बाजूला आण्णाप्पा आणि डॉ. मुजावर, मध्ये साक्षीबाई.

डॉक्टरांनी ते तीन शब्द सांगितले. ऋतुजानं आधीच ओळखलं असावं. ती ओढणीचं टोक चावत बसून राहिली आणि मग एकदम म्हणाली, “सम्मेदनं मला सांगितलं होतं. टीव्हीवर बघितलेलं त्यानं. म्हणालेला, माझं काय झालं तर देऊन टाक सगळं, दुकानात पडून राहिलेल्या मालाचा काय उपयोग? मला द्यायचंय.”

हिरवा.

“घरात अजून मोठी माणसं आहेत,” अजित म्हणाला.

“माझं ऐकून घ्या की आधी भावजी. सोमवारपासनं मला कुणी विचारलंच नाही.”

आण्णाप्पांनी अजितकडे वळून विचारलं, “आईंना सगळी कल्पना दिलीय ना?”

“दिलीय की. सगळं सांगितलंय.”

पिवळा. एक, दोन, तीन, चार, पाच. टिंग.

अजितचा चेहरा उतरला. हळूहळू खरं बाहेर आलं. सोनाक्काला, म्हणजे त्यांच्या आईला, एवढंच सांगितलं होतं की सम्मेदचं बीपी वाढलंय, सलाईन लावलंय, उद्या सोडतील. यात अजितचं तरी काय चुकलं? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी कुणी एका हप्त्यात देतं का? आधी ‘जरा बरं नाही’, मग ‘सीरियस आहे’, मग गाडी पाठवायची, आणि मग अंगणात जमलेली माणसं बघून तिचं तिनंच ओळखायचं. सांगणाऱ्याची जीभ तेवढी सुटते.

“तिला दोन वर्षांमागं झटका आलाय,” अजित म्हणाला. “आणि तिला विचारल्याबिगर आमच्या घरात कढईसुद्धा मोडीत जात नाही. ती हो म्हणाली तर माझी ना नाही. पण तिच्या तोंडावर ‘पोरगा गेला’ असं सरळ बोलायचं नाही कुणी. बोललासा तर मी ऋतुजाला घेऊन उठून जाणार.”

हिरवा. म्हणजे खरंच उठून जाणार होता.

हुपरीला फोन गेला, सोनाक्काला घेऊन तिकडून गाडी निघाली. आण्णाप्पांनी, तेहतीस वर्षांच्या सवयीनं, दोघांसमोर पाणी सरकवलं आणि मायेनं म्हणाले, “सावकाश होऊ द्या. आपल्याला काही घाई नाही.”

पिवळा. डॉ. मुजावरांनी डोळे मिटून घेतले. टिंग.

दोन झाल्या. विभागीय केंद्राचा फोन टेबलावर थरथरत होता, आण्णाप्पांनी तो पालथा घातला. त्यांच्या डोक्यात हिशेब स्पष्ट होता: म्हातारीला खोटं सांगितलं तर साक्षीबाई उठवते, खरं सांगितलं तर अजित उठतो, आणि काहीच सांगितलं नाही तर संध्याकाळ होते. कुठेतरी पाच-सहा घरी माणसं फोन उशाशी घेऊन पडली असतील. त्यांना या खोलीची गंधवार्ताही नव्हती.

साडेतीनला सोनाक्का आली. सत्तरी उलटलेली, बुटकी, ताठ. आधी सरळ सम्मेदकडे गेली. परिचारिकेनं नंतर सांगितलं की म्हातारी रडली नाही, नुसती त्याच्या कानाशी वाकली आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिली. मग ती या खोलीत आली आणि आण्णाप्पांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

“कसा हाय माझा सम्मेद?”

चौघंही डब्याकडे बघायला लागले. एरवी अशा वेळी एकदम चार तोंडं उघडतात. ‘बराय की आक्का’, ‘झोपलाय’, ‘डॉक्टर प्रयत्न करतायत’. ती सगळी वाक्यं त्यांच्या ओठांपर्यंत येऊन, हिरव्या दिव्याला घाबरून परत गेली.

“का गप हाईसा समदी? आणि ह्यो डबा कसला?” सोनाक्कानं बोटातल्या अंगठीनं डब्यावर टकटक केलं, कान तिरका केला. “पत्रा हाय. वरनं मुलामा.”

“आईंचा कान तसला आहे,” ऋतुजा पुटपुटली. “शंभर घुंगरांत एक फुटकं असलं तरी हलवून सांगतात.”

आण्णाप्पांनी चहा मागवला. तो येईपर्यंत म्हातारीकडे नुसते बघत राहिले. मग कप तिच्या हातात देऊन म्हणाले, “आक्का, तुमचा सम्मेद फिरतीचा माणूस.”

“व्हय. महिन्यातनं वीस दिस भाईर.”

“मग ऐका. आज दुपारी त्यानं बॅग भरली.”

अजितनं चमकून वर बघितलं. डॉ. मुजावरांची नजर दिव्यावर. हिरवा.

“अंथरुणात पडल्या पडल्या?” सोनाक्का म्हणाली.

“पडल्या पडल्याच. डॉक्टरीणबाईंना म्हणाला, मला जरा उसंत मिळालीय, तेवढ्यात एक फेरी उरकतो. ह्या म्हणाल्या, अहो नळ्या लावल्यात. म्हणाला, नळ्या राहू द्या, मी निघतो.”

“काय घातलं बॅगंत?”

“सहा नग. दोन मूत्रपिंडं. एक यकृत. एक हृदय. आणि दोन डोळ्यांची बुबुळं, कापसात गुंडाळून.”

म्हातारीनं चहाचा घोट घेतला. कप बशीवर ठेवताना तेवढा वाजला. दिवा पिवळा होईल म्हणून आण्णाप्पांनी श्वास धरला. झाला नाही.

“माल कसा हाय?”

हे आण्णाप्पांना विचारलेलं नव्हतं. डॉ. मुजावरांनी घसा साफ केला. “उत्तम आहे आजी. मी स्वतः तपासलाय.”

हिरवा, अगदी स्वच्छ.

“गिऱ्हाईक कोण?”

“नावं आम्हालाही सांगत नाहीत, आक्का. पण वाट बघत बसलीत. कुणी दोन वर्षं, कुणी पाच.”

“नाव न इचारता माल देतोय? माझा सम्मेद?”

“या फेरीला नियमच तसा आहे. आणि थाट बघाल तर! मिरजेतनं विमानतळापर्यंत रस्ता मोकळा. पोलीस चौकाचौकात हात करून उभे. मंत्र्याची गाडी आली तरी ती बाजूला. आमच्या शिरोळची मगर आहे ना, ती रस्ता ओलांडत होती. बॅग बघितली आणि शेपटी आवरून उभी राहिली. वर शेजारच्या म्हशीला म्हणाली, बाजूला हो गं, हुपरीचा माल चाललाय.”

सोनाक्काच्या ओठाचा कोपरा हलला. किंचित, पण हलला. ऋतुजा ओढणीत तोंड खुपसून रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. अजितनं आईचा हात धरला. आण्णाप्पांना ती वाट दिसली, नेहमीची, कोपऱ्यातून आत जाणारी. आता एक वळण, आणि पलीकडे सही.

“बॅग कुणाच्या हातात देत न्हाई त्यो कधी,” म्हातारी म्हणाली. “शेवटच्या दारापतोर सोता जातोय.”

“या फेरीलासुद्धा स्वतःच जाणार.”

“आणि माघारी कवा यायचा?”

आण्णाप्पांनी तोंड उघडलं.

मगर नव्हती. ऊस नव्हता. तेहतीस वर्षं साठवलेलं पोतं त्यांनी मनातल्या मनात उपडं केलं, त्यातून काही पडलं नाही. ‘पुढचं पुढं बघू’ म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. ते तीन शब्द तर जिभेच्या टोकाशी होते, आणि समोर अजित. पण म्हातारी त्यांच्या डोळ्यांत बघत होती, हातातला कप तिरका झाला होता आणि चहा तिच्या लुगड्यावर सांडत होता, आणि त्या क्षणी आण्णाप्पांना दुसरं काही नको होतं, फक्त तिचा विश्वास बसायला हवा होता.

“येईल की, आक्का,” ते म्हणाले. “फिरतीचाच माणूस. दोन-चार दिवसांत येईल.”

ही थाप नव्हती. बोलता बोलताच त्यांना ते कळलं.

पिवळा.

एक. डॉ. मुजावरांनी टेबलाची कड पकडली. दोन. फोन पालथ्या तोंडानं पुन्हा थरथरायला लागला. आण्णाप्पांना शब्द परत घ्यायचे होते. तीन. अजित आईकडे बघत होता. चार.

सोनाक्कानं अंगठी डब्यावर आपटली.

“खोटं!” ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. “खोटं बोललासा, आण्णा. मघाशी त्याच्या कानात हाक मारून आलीया मी. तीन डाव मारली. आतनं कायबी वाजलं न्हाई. माझा सम्मेद गेला, त्यो आता यायचा न्हाई.”

दिवा हिरवा झाला.

तिनं अजितकडं बघितलं, ऋतुजाकडं बघितलं, मग कप खाली ठेवला आणि लुगड्यावरचा चहा पदरानं पुसला.

“बाकीचं तर खरं हाय न्हवं? मग बॅग का अडवून ठिवलीया त्याची?”